सोलापूरला परवडेल असे वायरलेस जाळे: एका आराखड्याची काटछाट

सोलापूरच्या पूर्वभागातल्या काही मंडळींनी मिळून एक कागद तयार केला होता. टॉवेलचा एक कारखानदार, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका, वर्षानुवर्षे घरोघरी केबल पोचवणारा एक केबलवाला आणि वाचनालय चालवणारे दोन कार्यकर्ते. मथळा दणदणीत होता: शहरभर स्वस्त वायफाय, लोकांनीच उभारलेले. नकाशावर कंपासने वर्तुळे काढून बाळ्यापासून मजरेवाडीपर्यंत सगळे शहर झाकून टाकले होते. मी नेटवर्कची कामे करतो, म्हणून तो तपासायला माझ्याकडे आला. अजून अँटेनाचा एकही पाईप उभा राहिलेला नाही. प्रकरण आहे ते आराखड्याचेच: काय काय कापावे लागले, आणि कापल्यावर हातात काय उरले.

पहिली कात्री वर्तुळांनाच लागली. महापालिकेचे क्षेत्र 178.57 चौरस किलोमीटर. रस्त्यावर उभ्या माणसाच्या खिशातल्या फोनला दाट वस्तीत एका बाहेरच्या वायफाय डब्याची धड रेंज मिळते ती फार तर 100 मीटर. डबा कितीही जोरात बोलला तरी फोनला उलट उत्तर द्यायचे असते, आणि त्याचा आवाज बारीक असतो. 100 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र 0.0314 चौरस किलोमीटर. भागाकार करा: साडेपाच हजारांहून जास्त डबे. तेही वर्तुळे एकमेकांवर अजिबात चढत नाहीत असे धरून, जे शक्य नाही. प्रत्येक डब्याला खांब हवा, वीज हवी, मागून येणारी लाइन हवी आणि बिघडला की चढणारा माणूस हवा.

ही चूक सोलापूरच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने 2004 पासून हेच स्वप्न रंगवले. अर्थलिंक नावाच्या कंपनीने खांबाखांबावर वायफाय चढवले आणि 2008 मध्ये ती कंपनीच त्यातून बाहेर पडली. पैसे होते, तंत्रज्ञ होते, महापालिका पाठीशी होती. घराच्या भिंतीच्या आत सिग्नल नीट पोचत नव्हता आणि पैसे देणारे गिऱ्हाईक ठरवले होते तितके आले नाही.

आता दुसरा आक्षेप, जो कारखानदाराच्या मुलानेच काढला. "आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल डेटा आहे की. मग हे कशाला?" प्रश्न वाजवी आहे आणि त्याला भावनिक उत्तर देऊन चालत नाही. ज्याच्याकडे स्वतःचा फोन आणि रोजचा दीड-दोन जीबी डेटा आहे, त्याला सामुदायिक जाळ्याची गरज नाही. ज्याच्या गल्लीत फायबर आले आहे, त्याला 399 रुपयांत 30 एमबीपीएसची लाइन मिळते. जीएसटी धरून 471. सोलापुरात उभारायचे कोणतेही जाळे या आकड्यापुढे उभे करून बघायचे, एवढी एक अट मी सुरुवातीलाच घातली.

उरतात कोण, ते बघायला अक्कलकोट रस्त्याने बाहेर पडावे लागते. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरांची. 2006 मध्ये तिचे लोकार्पण झाले. त्याच बाजूला रे नगर. 30,000 घरांचा तो प्रकल्प, त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या, भंगार वेचणाऱ्या माणसांची ही घरे. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यांतून ती उभी राहिली हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. अशा घरात बहुतेक वेळा फोन एक आणि माणसे पाच. दिवसा फोन घरधन्याबरोबर कामावर जातो. मुलीचा अभ्यास, आईच्या पीएफचे केवायसी, आजीचा पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळे रात्री नवानंतर एका पडद्यावर रांग लावते. महिन्याला पावणेपाचशे रुपये एका घराला जड, पण दोनशे रुपये विचार करण्यासारखे. मूळ कागदात कुंभारी नकाशाच्या कडेला अर्धवट कापली गेली होती. नव्या आराखड्याची सुरुवात तिथूनच झाली.

हवेतून किती लांब, किती उंच

शहरातल्या उंच गच्चीवरून वसाहतीतल्या गच्चीवर डिशने लाइन टाकायची, तिथून आजूबाजूला वाटायची, हा सांगाडा. सरळ रेषेत 8 किलोमीटरची उडी धरू.

भारतात 5725 ते 5875 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2018 च्या अधिसूचनेनंतर विनापरवाना वापरता येतो. अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी ताकद, म्हणजे ईआयआरपी, 4 वॅटच्या आत ठेवायची, म्हणजे रेडिओवाल्यांच्या मापात 36 डीबीएमच्या आत. मोकळ्या हवेत 5.8 गिगाहर्ट्झला 8 किलोमीटरवर सिग्नल साधारण 126 डीबी पडतो. डिश सिग्नल एका दिशेला किती एकवटते ते डीबीआयमध्ये मोजतात. समोर 23 डीबीआयची डिश असेल तर हातात येतो उणे 67 डीबीएमच्या आसपास; हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. चालेल, पण पावसात, धुळीत, डिश किंचित हलल्यावर हात आखडतो. दोन्हीकडे 30 डीबीआयची डिश बसवली की तोच आकडा उणे 60 वर येतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बाजारात तिचा सर्रास उलटा अर्थ लावतात. ताकदीला कायद्याने झाकण आहे. मोठी डिश लावली की रेडिओचा आवाज तेवढा खाली आणावाच लागतो: 30 डीबीआयच्या डिशला मागून जेमतेम 6 डीबीएम. मग मोठ्या डिशचा फायदा कुठे? ऐकण्यात. ती समोरच्याच दिशेने कान देते, बाजूचा गोंगाट कमी घेते. आपल्याकडे बसवणारी पोरे रेडिओच्या सेटिंगमध्ये देश बदलून टाकतात, म्हणजे इथले झाकण उठते, आणि पॉवर पूर्ण वर नेतात. त्यांची लाइन दोन दिवस बरी चालते, शेजारच्यांच्या लाइनी मरतात, आठवड्याने शेजारीही तेच करतो आणि मग कुणाचेच धड चालत नाही. विनापरवाना पट्ट्यात तक्रार करायला साहेब नसतो. म्हणून आराखड्यात एक ओळ घातली: प्रत्येक रेडिओच्या सेटिंगचा फोटो सगळ्यांना दिसेल अशा वहीत, आणि पॉवर वाढवायची तर सर्वांना विचारून.

दोन गच्च्या एकमेकींना दिसल्या म्हणजे झाले असेही नाही. रेडिओची लाट दोरीसारखी सरळ जात नाही, मधोमध फुगते. 8 किलोमीटरच्या उडीत मध्यावर या फुगवट्याची त्रिज्या 10 मीटर आहे आणि त्यातला निदान 60 टक्के भाग, म्हणजे सहा मीटर, मोकळा हवा. मध्ये कडुनिंबाचा शेंडा रेषेच्या चार मीटर खाली असला तरी डोळ्याला सगळे स्वच्छ दिसेल आणि लाइन मात्र अडखळेल. काकांना हे लगेच पटले. मायक्रोवेव्हच्या टॉवरवर त्यांची निम्मी नोकरी गेलेली. त्यांनी उलट एक भर घातली: सिद्धेश्वर तलावावरून जाणारी उडी टाळायची. पाण्यावरून परावर्तन होऊन आलेला सिग्नल सरळ आलेल्या सिग्नलला कधी मदत करतो, कधी मारतो, आणि पाण्याची पातळी हलली की हिशेब बदलतो. नकाशावर तलाव ओलांडणारी जी रेषा होती ती त्यांनी पेनाने खोडली.

उंचीचे मात्र सोलापुरात वेगळे प्रकरण आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली गेली, ती होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरत होती म्हणून. चिमणी पडावी की राहावी यावर शहर कित्येक वर्षे भांडले. त्यामुळे "होटगी रोडच्या बाजूला एक उंच मनोरा टाकू" हे वाक्य कागदात वाचून मला हसू आले. विमानतळाभोवती कुठे किती उंची चालते याचे रंगीत पट्ट्यांचे नकाशे विमानतळ प्राधिकरण काढते. बांधकामाची उंची ठरवताना ते पाहावे लागतात, मनोऱ्यालाही आणि पाण्याच्या टाकीवरच्या पाईपलाही. आराखड्यात मनोरा नाहीच. आहेत त्या इमारतींच्या स्लॅबवर तीन मीटरचा पाईप, त्यापलीकडे नाही. मनोरा म्हणजे पाया, परवानगी, विमा आणि शेजाऱ्यांची भीती. स्वस्त जाळ्याचे बजेट तिथेच बुडते.

पट्टा निवडताना आणखी एक स्थानिक कारण निघाले. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात ढगांवर मीठकण फवारण्याचा प्रयोग केला, तेव्हा ढग बघायला इथे सी-बँडचे रडार होते. असली हवामान रडारे 5600 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. वायफायचा मधला पट्टा, 5470 ते 5725, नेमका तिथूनच जातो. म्हणून त्या पट्ट्यातल्या रेडिओला रडार ऐकू आले की गप्प बसून दुसरा चॅनेल शोधावा लागतो. जाळ्याचा कणा, म्हणजे गच्ची ते गच्ची मोठ्या उड्या, त्या पट्ट्यावर ठेवला तर लाइन मधूनच का तुटते ते शोधण्यात महिना जाईल. मोठ्या उड्या वरच्या पट्ट्यात, 150 मेगाहर्ट्झमध्ये. त्यात 40 मेगाहर्ट्झचे तीनच चॅनेल नीट बसतात. म्हणजे एका गच्चीवर कितीही डिश लावा, एकमेकींशी न भांडणाऱ्या तीनच.

मूळ कागदात आणखी एक लाडका शब्द होता, मेश. प्रत्येक घराचा राउटर शेजारच्या राउटरला पकडतो आणि जाळे आपोआप विणले जाते. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर टाकलेला जुना राउटर आणि त्यावर वाट शोधून देणारा बॅटमॅन प्रोटोकॉल, खर्च नगण्य. विणकरांच्या शहरात ही कल्पना आवडणारच. पण एकच रेडिओ असलेला डबा एका वेळी एकतर ऐकतो किंवा बोलतो. दुसऱ्या उडीला वेग निम्मा, तिसऱ्या उडीला तिसऱ्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली. वरून दूरचे दोन डबे एकमेकांना ऐकू न येता एकाच वेळी मधल्याशी बोलतात. चार उड्यांपलीकडे व्हिडिओ चालणार नाही. म्हणून मेश एका गल्लीपुरते, दोन उड्यांपर्यंतच, आणि तेही जिथे घरमालक हौसेने सांभाळणार असेल तिथे. कणा आणि वाटप वेगळ्या रेडिओंवर.

कारखान्याचा पत्रा आणि एप्रिलचे ऊन

कारखानदाराने आपल्या कारखान्याचे छप्पर मोठ्या मनाने देऊ केले होते. मी नको म्हटले. यंत्रमागाच्या शेडला पत्रा असतो. माग चालू झाले की सगळी चौकट थरथरते आणि नट हळूहळू सैल होतात. 30 डीबीआयच्या डिशचा झोत जेमतेम पाच-सहा अंशांचा असतो, तो समोरच्या गच्चीवरून सरकायला किती वेळ लागतो? आत ठेवलेल्या स्विचमध्ये सुताचा बारीक भुगा जाऊन बसतो, पंखा अडकतो आणि डबा तापून मरतो. मागाच्या मोटारी चालू-बंद होताना लाईटमध्ये येणारे झटके वेगळेच. त्यांच्या घराचा स्लॅब मात्र उत्तम निघाला: दोन मजले, जिना बाहेरून, आणि रात्री-अपरात्री चढायला कुणाची झोपमोड नाही. बाहेरून जिना असणे ही गच्चीची फार मोठी पात्रता आहे. ती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही.

सोलापूरचा उन्हाळा 42-43 अंशांपर्यंत सहज जातो. बाहेर लावायचे चांगले रेडिओ 70 अंशांपर्यंत तगतात, त्यांची चिंता नाही. चिंता बॅटरीची. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मे होते. गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत बॅटरी ठेवणे म्हणजे दर दुसऱ्या वर्षी नवी घेणे. ती खाली, जिन्याखालच्या सावलीत ठेवायची आणि वर फक्त नेटची केबल न्यायची. तीच केबल वीजही नेते. 100 मीटरची मर्यादा दोन मजल्यांना भरपूर आहे. मात्र केबल अस्सल तांब्याची हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते, तिच्यातून वीज वर पोचेपर्यंत गळते आणि रेडिओ रोज संध्याकाळी स्वतःहून बंद-चालू होत राहतो. मी अशा तक्रारींमध्ये केबल आधी बघतो, बाकी सगळे नंतर.

तीन रेडिओंना मिळून 24 वॅट धरले तर आठ तास लाईट गेली तरी 192 वॅट-तास लागतात. 12 व्होल्टची 42 अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तरी पुरते. महिन्याचे वीजबिल 17 युनिट, म्हणजे दीडशे रुपयांच्या घरात. हा आकडा लहान दिसतो, पण तो दुसऱ्याच्या मीटरवर पडतो, आणि अशी जाळी अनेकदा इथेच मरतात. पहिले सहा महिने घरमालक काही बोलत नाही. मग सून विचारते, हा डबा कुणाचा, बिल कोण भरतं? एक दिवस प्लग निघतो आणि मागची ऐंशी घरे अंधारात जातात. वीज, अर्थिंग आणि विजेच्या कडकडाटाला अडवणारा सर्ज प्रोटेक्टर हे तिन्ही खर्च जाळ्याचे. शिवाय गच्चीवाल्याच्या घरी लाइन फुकट. फुकट म्हणजे उपकार म्हणून नव्हे, भाडे म्हणून, आणि करारात तसेच लिहायचे.

तारांपेक्षा हवेतली लाइन बरी, याचे एक अस्सल सोलापुरी कारण केबलवाल्याने सांगितले. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज 68 लिंगांना तैलाभिषेक करत शहराभोवती फिरतात. या उंच काठ्यांच्या मार्गावर आडव्या तारा चालत नाहीत, त्या उचलाव्या लागतात, सोडाव्या लागतात. मार्कंडेय रथोत्सवाला, गणपतीला, जयंत्यांना पुन्हा तेच. "माझी दर वर्षी जानेवारीत दहा ठिकाणी तार तुटते," तो म्हणाला. रस्ता खोदून फायबर टाकायचे तर परवानगी आणि पैसे. रस्ता ओलांडणाऱ्या जोडण्या रेडिओवर आणि गल्लीच्या आतले वाटप केबलवर, ही त्याची सूचना आराखड्यात जशीच्या तशी घेतली.

कायद्याची चौकट

मूळ कागदात होते: एक मोठी फायबर लाइन घ्यायची आणि शंभर घरांत वाटायची. हे बेकायदा आहे. नेट विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते, पूर्वी आयएसपी, म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचा परवाना, आता 2023 च्या दूरसंचार कायद्याखाली अधिकृतता. "आम्ही नफा घेत नाही" हे उत्तर चालत नाही. उघडे वायफाय तर नकोच. 2008 च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका असुरक्षित वायफायवरून गेला होता, आणि त्यानंतर फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वायफायवर कोण येतो याची ओळख पटवण्याचे नियम घातले. वाचनालयाच्या कार्यकर्त्यांना हे कठोर वाटले. पण पोलिस आधी गच्चीवाल्याच्याच दारात येतात.

वाट आहे ती दोन दारांची. केंद्र सरकारने 9 डिसेंबर 2020 रोजी मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत चहाचा टपरीवालाही पीडीओ होऊ शकतो, म्हणजे सार्वजनिक वायफाय विकणारा. त्याला परवाना नको, नोंदणी नको, फी नको. ओळख पटवणे, पैसे घेणे, नोंदी ठेवणे हे अशा अनेक पीडीओंना सांभाळणारी वरची संस्था, पीडीओए, करते आणि तिची नोंदणी दूरसंचार विभागाकडे असते. अडचण होती ती लाइनच्या भावाची: कंपन्या पीडीओला महागडी लीज्ड लाइन, म्हणजे धंद्यासाठीची राखीव लाइन, घ्यायला लावत. जून 2025 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने ठरवले की 200 एमबीपीएसपर्यंतची घरगुती फायबर लाइन पीडीओला जास्तीत जास्त दुप्पट भावाने द्यायची. या एका निर्णयाने आराखड्याचा निम्मा भाग निरर्थक झाला आणि मला ते बरेच वाटले. अशोक चौकात, कन्ना चौकात, नवी पेठेत फायबर आहे. तिथे टपरीवाल्याने दुप्पट भावाची लाइन घ्यावी, एक डबा लावावा, दिवसाचे व्हाउचर विकावे. तिथे आमच्या डिशचे काम नाही.

दुसरे दार घरांसाठी. व्हाउचर फोनला मिळते, घराला नाही. घरोघरी लाइन द्यायची तर ती परवाना असलेल्या आयएसपीचीच असली पाहिजे. केबलवाल्याचा असा करार आधीपासून आहे. म्हणजे कायद्याने गिऱ्हाईक आयएसपीचे, जाळे समूहाचे, हात केबलवाल्याचा. कागदावर हे गुंतागुंतीचे वाटते, पण जगातले सगळ्यात मोठे सामुदायिक जाळे जवळपास याच पद्धतीने चालते. स्पेनमधल्या कातालोनियात 2004 मध्ये शेतवाड्यांपर्यंत कंपन्या येत नव्हत्या म्हणून गुईफी उभे राहिले, आज त्याचे 35,000 हून अधिक जोडबिंदू आहेत. तिथे तारा आणि रेडिओ सामायिक, त्यावर सेवा विकणारे व्यावसायिक अनेक, आणि कुणी किती गुंतवले, कुणी किती वापरले याचा ताळेबंद करून पैसे इकडून तिकडे फिरतात. आपल्या देशात डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशनने 2010 पासून विनापरवाना पट्ट्यावर अशी जाळी उभारली. मध्य प्रदेशातले चंदेरी, साड्या विणणाऱ्यांचे गाव, त्यातलेच. हे नाव ऐकून कारखानदार खुर्चीत पुढे सरकला.

दोनशे वीस रुपये

आता हिशेब. यातले भाव हिशेबासाठी धरलेले आहेत, खरेदीच्या दिवशी बदलतील. पण प्रमाण फारसे बदलणार नाही. पाच मुख्य गच्च्यांवरचे रेडिओ, डिश, पाईप, बॅटऱ्या मिळून तीन लाख. वसाहतीत आठ घरांमागे एक बाहेरचा रेडिओ आणि एक स्विच, 250 घरांना केबलसकट दोन लाख. पाच लाख रुपये चार वर्षांत संपतात असे धरले तर महिन्याला 10,400. तंत्रज्ञाचा पगार 18,000. मागून येणारी 300 एमबीपीएसची लाइन 20,000. पाच गच्च्यांची वीज 800. सुटे भाग, केबल, पेट्रोल 5,800. बेरीज 55,000.

250 घरांत वाटले तर घराला 220 रुपये. 471 च्या फायबरपेक्षा निम्म्याहून कमी. पण 117 घरांच्या खाली आलात की हे जाळे फायबरपेक्षा महाग. लोकांनी उभारले म्हणून ते आपोआप स्वस्त होत नाही, घरांच्या संख्येने होते.

वरच्या बाजूलाही भिंत आहे. रात्री नऊच्या सुमाराला निम्मी घरे एकदम वापरतात आणि प्रत्येकाला सरासरी अडीच एमबीपीएस लागते असे धरले तर 312. लाइन 300 ची. म्हणजे 250 घरांना जेमतेम. कुणी उत्साहात 400 घरे जोडली की दर 150 च्या खाली येईल आणि रात्री कुणाचेच चालणार नाही. मग शिव्या तंत्रज्ञाला.

या यादीत सगळ्यात मोठ्या दोन रकमा बघा: लाइन आणि माणूस. रेडिओ तिसऱ्या क्रमांकावर आहे. मूळ कागदात रेडिओवर चार पाने होती आणि माणसाच्या पगाराची ओळच नव्हती. "आमची पोरं बघतील," असे काकांनी सांगितले होते. पोरे बघतील, पण कुठपर्यंत? बारावीनंतर पुण्याला जाईपर्यंत. म्हणून पगाराची ओळ पहिली आली आणि एक अट तिला जोडली: तंत्रज्ञ वसाहतीतलाच किंवा वसाहतीतलीच असावी. आयटीआय झालेली मुले-मुली तिथे आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी, चारही भाषांत तक्रार ऐकून घेणारा माणूस बाहेरून आणायचा म्हटला तरी मिळणार नाही.

लाइनचा खर्च कमी करण्याचा एक मार्ग मला तरी सगळ्यात रास्त वाटतो, आणि तो वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनी काढला. प्रत्येक गोष्ट बाहेरून कशाला आणायची? वसाहतीतल्या एका खोलीत एक छोटा संगणक ठेवायचा. त्यावर मराठी विकिपीडियाची ऑफलाइन प्रत, शाळेच्या पुस्तकांच्या प्रती, सरकारी अर्जांचे नमुने. आणि पाण्याचा फलक. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येते, आणि वेळ चुकली की पुढचे चार दिवस घागरी मोजायच्या. वस्तीतल्या कुणीतरी एकाने "सुटलं" एवढे टाकले की सगळ्या घरांना कळते. हे सगळे जाळ्याच्या आतल्या आत फिरते, बाहेरच्या 300 मधला एक थेंबही खर्च होत नाही, आणि बाहेरची लाइन तुटली तरी चालू राहते. कारखानदाराला मात्र घरी बसून कारखान्याचे कॅमेरे बघायचे होते. तेही आतल्या आत होते. त्याने त्याचे वेगळे पैसे द्यावेत, विडी कामगारांच्या दरात नव्हे.

शेवटची बैठक केबलवाल्याच्या एका प्रश्नावर बराच वेळ अडली. जाळे चालायला लागले, अडीचशे घरे झाली आणि उद्या एखाद्या मोठ्या कंपनीने वसाहतीत फायबर टाकून पहिले सहा महिने फुकट दिले तर? त्याची गुंतवणूक सगळ्यात जास्त, त्यामुळे भीतीही त्याचीच. काकांचे मत होते की तसे झाले तर चांगलेच, लोकांना नेट मिळाल्याशी मतलब. दोघेही बरोबर होते आणि म्हणून भांडण लांबले. शेवटी ठरले ते असे: ज्या गल्लीत फायबर आधीच पोचले आहे तिथे रेडिओ लावायचा नाही. खरेदी एकदम नको; पहिल्या टप्प्यात एक उडी, दोन गच्च्या आणि पंधरा रेडिओ, म्हणजे 120 घरे, कारण त्याच्या खाली हिशेबच बसत नाही. 120 घरांची प्रत्येकी दोन महिन्यांची रक्कम आधी जमा झाली तरच डिशची ऑर्डर द्यायची. सगळी यंत्रे अशी घ्यायची की जी उतरवून दुसरीकडे नेता येतील, म्हणून सिमेंटमध्ये काही गाडायचे नाही, सगळे क्लॅम्पवर. आणि केबलवाल्याचे पैसे चार वर्षांच्या आत जाळे बंद पडले तर यंत्रांच्या किमतीतून सर्वांत आधी फिटतील, असे त्याच्या आग्रहाने हाताने लिहून घेतले. कारखानदाराने सही केली. काकांनी आधी फुगवट्याच्या हिशेबाचा कागद मागून घेतला, सहा मीटरचा आकडा स्वतः पुन्हा काढून पाहिला, मग सही केली.